शहराची रोजगार सहाय्य सेवा सहरचनेतून कशी सुधारावी

शहराच्या रोजगार सहाय्य केंद्राचे काम कार्यालयाच्या बाजूने पाहिले, तर ते चार टेबलांत मावते: नोंदणी, समुपदेशन, प्रशिक्षण आणि रिकाम्या जागांशी जुळवणी. तेच काम नोकरी शोधणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिले, तर ते कित्येक आठवड्यांवर पसरलेले असते आणि त्यातले बहुतेक दिवस तो केंद्रात नसतोच. तो फोनची वाट पाहत असतो, कोणता कागद कमी पडला हे आठवत असतो, आणि समुपदेशकाने सुचवलेल्या अभ्यासक्रमाला जावे की हाती आलेले चार दिवसांचे काम धरावे, याचा हिशेब एकट्याने मांडत असतो. सेवा सुधारण्यासाठी केवळ अधिकारी आणि सल्लागार एकत्र बसले, की त्यांना चार टेबले दिसतात, मधले दिवस दिसत नाहीत. ते दिवस ज्यांनी काढले आहेत आणि ज्या कर्मचाऱ्यांनी ते जवळून पाहिले आहेत, त्यांना सेवेच्या आखणीत बरोबरीने बसवण्याच्या पद्धतीला को-डिझाइन म्हणतात. या लेखात त्यासाठी ‘सहरचना’ हा शब्द वापरला आहे.

या व्याख्येतला ‘बरोबरीने’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. शेरी आर्नस्टाईन यांनी 1969 मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. माहिती देणे, मत विचारणे आणि समाधान वाटेल इतपत जागा देणे या तिसऱ्या ते पाचव्या पायऱ्यांना त्यांनी नाममात्र सहभाग म्हटले, कारण तिथे ऐकून घेतले जाते, पण ऐकलेले अमलात येईल याची हमी नसते. खरी भागीदारी सहाव्या पायरीपासून सुरू होते. रोजगार केंद्रांत सूचनापेटी असते, समाधानाचा अर्ज असतो, वर्षातून एखादी सभाही होते. या सर्व गोष्टी चौथ्या पायरीच्या वर क्वचितच जातात. सहरचना करायची असेल, तर काही निर्णय खरोखर वाटून घ्यावे लागतात. पुढे सांगितलेली प्रत्येक कृती त्या वाटणीवर अवलंबून आहे, आणि ती वाटणी मान्य नसेल तर हे काम हाती न घेणेच अधिक प्रामाणिक ठरेल.

आधी ठरवा: काय बदलू शकते?

पहिली बैठक सहभागींची नसते. ती शहर प्रशासनातील अधिकार असलेल्या व्यक्तींची असते, आणि तिच्यात एकच प्रश्न सोडवायचा असतो: कोणत्या गोष्टी या गटाच्या हाती द्यायला आपण तयार आहोत? बेरोजगार भत्त्याचे नियम बहुतेक देशांत राष्ट्रीय कायद्याने ठरतात, त्यामुळे ते शहराला बदलता येत नाहीत. मात्र केंद्राच्या वेळा, भेटीची पत्रे, अर्जाची भाषा, प्रतीक्षागृहाची मांडणी, समुपदेशकाकडे एका वेळी किती माणसे सोपवायची, प्रशिक्षण संस्थांशी केलेल्या करारांच्या अटी आणि मालकांशी संपर्क ठेवण्याची पद्धत, यांतले बरेच काही शहराच्या अखत्यारीत असते.

ही विभागणी कागदावर तीन रकान्यांत लिहावी: कायद्याने बांधलेले, पैशाने बांधलेले आणि मोकळे. तिसरा रकाना जवळजवळ रिकामा निघाला, तर तिथेच थांबावे. पैशाने बांधलेल्या रकान्यात किती रक्कम आहे, हे आकड्यासह लिहावे, कारण गोलमोल बोलण्यातूनच पुढे अविश्वास जन्मतो. हा कागद पहिल्याच दिवशी सहभागींच्या हाती द्यायचा आहे, आणि त्यावर निर्णयाचा अधिकार असलेल्या व्यक्तीची सही हवी. गटाची शिफारस मान्य न झाल्यास किती दिवसांत लेखी कारण मिळेल, हेही त्याच कागदावर असावे.

येथे एका जुन्या तरतुदीची आठवण ठेवणे उपयोगाचे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1948 च्या रोजगार सेवाविषयक करारात, म्हणजे 88 क्रमांकाच्या करारात, सार्वजनिक रोजगार सेवा मोफत असावी असे म्हटले आहे आणि तिच्या कामकाजासाठी मालक व कामगार यांच्या समसमान प्रतिनिधित्वाच्या सल्लागार समित्याही सांगितल्या आहेत. आज काम नसलेल्या माणसाला तिथे वेगळी जागा नाही. अशी समिती शहरात असेल, तर तिला सहरचनेच्या कामातून वगळू नये. पण ती आहे म्हणून सेवा वापरणाऱ्यांचा आवाज आधीच पोहोचलेला आहे, असेही समजू नये.

कोणाला बोलवावे?

या कामातली सर्वांत मोठी चूक निवडीतच होते. केंद्राने आपल्या यादीतून माणसे निवडली, की जे नियमित येतात, नीट बोलतात आणि समुपदेशकाला आवडतात तेच गोळा होतात. सेवेबद्दल सर्वांत जास्त सांगू शकतील अशी माणसे मात्र केव्हाच येईनाशी झालेली असतात. दोन भेटींनंतर येणे थांबवलेली व्यक्ती कुठे अडली, हे कळल्याशिवाय सेवेतली गळती सापडत नाही. अशा व्यक्तींपर्यंत केंद्राच्या पत्राने पोहोचता येत नाही, कारण त्या पत्राची त्यांना धास्ती किंवा कंटाळा असतो. वाचनालये, प्रौढ शिक्षणाचे वर्ग, निवारागृहे, अपंगांच्या संघटना, तुरुंगातून सुटलेल्यांसाठी काम करणारे गट, स्थलांतरितांच्या वस्त्यांतील कार्यकर्ते, अशा विश्वासाच्या जागांमार्फत निरोप द्यावा.

गट बारा ते अठरा जणांचा ठेवावा. त्यात किमान निम्मे लोक सेवा वापरणारे किंवा वापरणे सोडून दिलेले असावेत. वर्षाहून अधिक काळ काम नसलेले, घरातल्या आजारी माणसाची किंवा मुलांची काळजी घेऊन पुन्हा कामाकडे वळणारे, पहिली नोकरी शोधणारे तरुण, पन्नाशीनंतर नोकरी गेलेले आणि काम आहे पण ते पोटापुरते नाही असे लोक, या प्रत्येकाची अडचण वेगळी असते आणि एकाने दुसऱ्याच्या वतीने बोलणे कठीण असते. उरलेल्या निम्म्यांत समुपदेशक, नोंदणी खिडकीवरचे कर्मचारी, एखादा लहान व्यवसायाचा मालक आणि प्रशिक्षण संस्थेचा प्रतिनिधी असावा. दारावरच्या सुरक्षारक्षकाला जरूर बोलवावे. कोण दारापर्यंत येऊन परत फिरतो, हे साऱ्या इमारतीत फक्त त्यालाच ठाऊक असते.

एक पथ्य कसोशीने पाळावे. ज्या समुपदेशकाच्या शेऱ्यावर एखाद्याचा भत्ता अवलंबून आहे, तो समुपदेशक आणि ती व्यक्ती एका गटात बसवू नयेत. बैठकीत बोललेले कोणाच्याही नोंदवहीत जाणार नाही, हे केवळ सांगून भागत नाही. लिहून द्यावे लागते.

आता पैशाविषयी. टेबलाभोवती बसलेले कर्मचारी पगारी वेळेत आलेले असतात, म्हणून इतरांनाही त्यांच्या वेळेचे मानधन मिळाले पाहिजे. प्रवासखर्च, मुलांना सांभाळण्याची सोय, दुभाषी आणि सांकेतिक भाषेचे जाणकार यांची तरतूदही सुरुवातीलाच करावी. मात्र मानधन देण्याआधी एक गोष्ट तपासणे अत्यावश्यक आहे. अनेक ठिकाणी असे मानधन उत्पन्न धरले जाते आणि त्यामुळे भत्ता कमी होऊ शकतो किंवा काही काळ थांबू शकतो. मदतीला आलेल्या माणसाचेच नुकसान झाले, तर त्याची भरपाई कोणतीही दिलगिरी करू शकत नाही. भत्ता देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्यावा, आणि तो प्रतिकूल असेल तर सहभागींना विचारूनच दुसरा मार्ग ठरवावा.

‘यांना काम नाही, म्हणजे वेळच वेळ आहे’ हा समज सोडून द्यावा. ऑस्ट्रियातील मारियेनताल या गावात कापडाची गिरणी बंद पडल्यावर 1930 च्या दशकाच्या आरंभी मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी बेरोजगार कुटुंबांचा अभ्यास केला. रिकामा वेळ वाढल्याने माणसे अधिक सक्रिय होत नाहीत, उलट दिवसाची घडी विस्कटते आणि पुरुषांच्या चालण्याचा वेगसुद्धा मंदावतो, हे त्यांनी मोजून दाखवले. त्या अभ्यासकांनी स्वतःसाठी एक नियम केला होता: गावात कोणीही नुसता निरीक्षक म्हणून राहायचे नाही, प्रत्येकाने गावाच्या उपयोगाचे काहीतरी करायचे. त्यांनी कपडे वाटले, वैद्यकीय सल्ल्याची सोय केली, शिवणकामाचे वर्ग चालवले. सहरचनेच्या आयोजकांनी हा नियम जसाच्या तसा उचलावा. बैठकीला येणाऱ्याला त्याच दिवशी काही उपयोगाचे मिळाले पाहिजे, मग तो कामाच्या अनुभवाचा लेखी दाखला असेल किंवा अडकलेल्या अर्जाची चौकशी. बैठका ठरावीक वारी, ठरावीक वेळी ठेवाव्यात. मुलाखतीला बोलावणे आले तर बैठक सोडून जाण्याची मुभा असावी, आणि नोकरी लागलेल्याला संध्याकाळच्या वेळी सहभाग चालू ठेवता यावा.

आधी वेगवेगळे ऐका, मग एकत्र बसवा

ब्रिटनच्या आरोग्यसेवेत अनुभवाधारित सहरचनेची एक पद्धत विकसित झाली. तिच्यात आधी रुग्णांचे आणि कर्मचाऱ्यांचे अनुभव स्वतंत्रपणे ऐकले जातात, रुग्णांच्या मुलाखतींतून एक छोटी चित्रफीत तयार होते, आणि ती पाहिल्यानंतरच दोन्ही बाजू एकत्र बसतात. रोजगार सेवेसाठी हा क्रम फार योग्य आहे. पहिल्याच दिवशी समोरासमोर बसवले, तर एक बाजू तक्रार करते, दुसरी बचाव करते, आणि दोन्ही बाजू दमून घरी जातात.

ऐकताना मते विचारू नयेत, घडलेले विचारावे. ‘सेवा कशी वाटली?’ या प्रश्नाला ‘ठीक आहे’ एवढेच उत्तर येते. ‘शेवटच्या भेटीच्या दिवशी सकाळी घरातून निघाल्यापासून काय काय झाले?’ असे विचारले, की बस कुठे बदलली, रांगेत कोणी काय सांगितले, कोणत्या प्रश्नावर आवाज चढला, हे सारे बाहेर येते. शक्य असेल तिथे सहभागीच्या संमतीने त्याच्याबरोबर केंद्रात जावे आणि गप्प बसून पाहावे. समुपदेशकाच्या शेजारीही एक पूर्ण दिवस बसावे. एका माणसाला पंधरा मिनिटे देताना त्यातली किती मिनिटे संगणकात माहिती भरण्यात जातात, हे घड्याळ लावून लिहावे.

मग एका लांब भिंतीवर कागद लावून सेवेचा नकाशा काढावा. लिन शोस्टॅक यांनी 1984 मध्ये सेवांच्या आराखड्याची जी पद्धत मांडली, तिच्यात एक आडवी रेघ असते: रेघेच्या वर ग्राहकाला दिसणारे काम, खाली न दिसणारे. ही रेघ रोजगार सेवेत किती उपयोगी पडते, हे एका उदाहरणातून पाहू. समजा, नोंदणी आणि पहिले समुपदेशन यांच्यामध्ये तीन आठवड्यांची रिकामी जागा आहे. रेघेच्या वर सहभागी तीन चिठ्ठ्या चिकटवतात: ‘फोन केला, कोणी उचलला नाही’, ‘पुन्हा गेलो, वाट पाहा म्हणाले’, ‘वाटले, आपला अर्ज बाद झाला’. रेघेखाली समुपदेशक आपली चिठ्ठी लावतो: ‘शिक्षणाची कागदपत्रे दुसऱ्या विभागाकडून तपासून येईपर्यंत फाइल मला दिसतच नाही’. ज्या तीन आठवड्यांत एकाला आपण नाकारलो गेलो असे वाटत होते, त्या तीन आठवड्यांत दुसऱ्याला तो माणूस अस्तित्वात असल्याचेच माहीत नव्हते. अशा ठिकाणी भिंतीसमोर काही क्षण कोणी बोलत नाही, आणि संयोजकानेही बोलू नये. कागदपत्रे नसतानाच पहिली भेट का देऊ नये, हा प्रश्न कोणीतरी आपणहून विचारतो.

एक पत्र, टेबलावर

कार्यशाळेत मोठे विषय काढण्याआधी एक लहान वस्तू हाती घ्यावी. भेटीचे पत्र त्यासाठी उत्तम. ते मोठ्या अक्षरांत छापून टेबलाच्या मधोमध ठेवावे, एकाने मोठ्याने वाचावे, आणि ऐकणाऱ्यांनी जिथे पोटात गोळा आला तिथे लाल खूण करावी, जिथे समजले नाही तिथे निळी. बहुतेक केंद्रांच्या पत्रांचा आरंभ कायद्याच्या कलमाने होतो, दुसऱ्या परिच्छेदात गैरहजर राहिल्यास काय होईल याची ताकीद असते, आणि कुठे, केव्हा, कोणाला भेटायचे व बरोबर काय आणायचे हे सर्वांत शेवटी येते. पत्रावर लाल खुणा वरच्या अर्ध्या भागात दाटतात. मग कात्रीने परिच्छेद वेगळे करून गटाने ते नव्या क्रमाने लावावेत. ताकीद कायद्याने आवश्यक असेल तर ती राहील, पण दिवस, वेळ, माणसाचे नाव आणि ‘येणे जमत नसेल तर या क्रमांकावर कळवा’ हे वाक्य वर येईल. तासाभराच्या या कामातून दोन गोष्टी साधतात: एक खरी सुधारणा हाती येते, आणि आपल्या हाताने केलेला बदल खरोखर छापला जातो की नाही, हे पाहण्याची संधी गटाला मिळते. पुढच्या बैठकीपर्यंत ते पत्र वापरात आणणे ही प्रशासनाची परीक्षा आहे.

कार्यशाळेच्या बाकी तंत्राविषयी फार सांगण्याची गरज नाही. अडीच तासांपेक्षा लांब बैठक घेऊ नये, चार-पाच जणांचे छोटे गट करावेत, कार्यालयीन शब्द कोणी वापरला तर अर्थ विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला द्यावा, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी चित्रे व तोंडी नोंदीची सोय ठेवावी. वरिष्ठ अधिकारी बसले असतील, तर त्यांनी सर्वांत शेवटी बोलावे.

पुठ्ठ्याने सुरुवात करा

सहरचनेची मुळे स्कँडिनेव्हियात आहेत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतील लोखंड व धातू कामगार संघटनेने संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टन नीगार्ड यांच्यासह कारखान्यांत येणाऱ्या संगणक प्रणालींवर काम केले, जेणेकरून त्या प्रणालींविषयी कामगारांनाही ठामपणे बोलता यावे. पुढे 1981 ते 1985 या काळात युटोपिया प्रकल्पात वृत्तपत्रांच्या छपाई कामगारांबरोबर नव्या तंत्राची आखणी झाली, तेव्हा अजून बाजारात नसलेल्या यंत्रांच्या जागी पुठ्ठ्याची खोकी ठेवून कामगारांनी आपले काम करून पाहिले. पुठ्ठ्याचा फायदा असा की तो कोणीही उचलून दुसरीकडे ठेवू शकतो, त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही, आणि तो फाडताना कोणाला वाईट वाटत नाही.

शहरानेही महागडे ॲप किंवा संकेतस्थळ बनवण्याआधी हेच करावे. नव्या नोंदणी पद्धतीचा नमुना म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, हाताने लिहिलेला अर्ज आणि समुपदेशकाची भूमिका करणारा सहभागी. भूमिका उलट केल्या, की फार शिकायला मिळते: समुपदेशक अर्जदाराच्या खुर्चीत बसून ‘शेवटची नोकरी का सोडली?’ या प्रश्नाखालच्या दोन ओळींच्या चौकटीत आईचे दीर्घ आजारपण कसे लिहायचे हे शोधतो, तेव्हा ती चौकट बदलण्यासाठी वेगळा युक्तिवाद लागत नाही.

नमुन्यानंतर लहान प्रयोग. एकाच केंद्रात, एकाच टेबलावर, चार ते सहा आठवडे नवी पद्धत चालवावी. प्रयोग कशाने यशस्वी ठरेल आणि कोणत्या स्थितीत थांबवायचा, हे गटाने आधीच लिहावे. मोजमापातही सहभागींचा वाटा असला पाहिजे, कारण काय मोजायचे हे ठरवणे म्हणजे काय महत्त्वाचे हे ठरवणे. केंद्रे सहसा नोंदण्या आणि लागलेल्या नोकऱ्या मोजतात. गटाला विचारले, तर तो वेगळ्या गोष्टी सुचवतो: सहा महिन्यांनी ती नोकरी टिकली का, तीच कहाणी किती वेळा नव्याने सांगावी लागली, भेट चुकल्यावर कोणी विचारपूस केली का, आणि समुपदेशकाला प्रत्येक माणसासाठी किती सलग वेळ मिळाला.

बाहेरच्या संस्थांशी केलेल्या करारांकडेही याच नजरेने पाहावे. नोकरी लागल्यावरच पैसे मिळतील अशी अट असली, की संस्था सहज नोकरी लागेल अशांवर लक्ष देतात आणि ज्यांना खरी मदत हवी त्यांना यादीत नुसते ठेवून देतात. हा दोष अनेक देशांतील रोजगार सेवांत आढळलेला आहे. कराराची अट सहभागींसमोर ठेवली, तर ‘मला तिथे चार महिने फक्त हजेरी लावायला बोलावत होते’ असे सांगणारा कोणीतरी निघतो, आणि ते वाक्य पुढच्या कराराच्या मसुद्यात पोहोचवणे हे शहराचे काम आहे.

मतभेद लपवू नका

मालकांना चाळून निवडलेले उमेदवार हवे असतात, तर नोकरी शोधणाऱ्यांना आपण चाळले जाऊ नये असे वाटते. समुपदेशकांना नव्या पद्धतीत आपले काम वाढेल अशी भीती असते, आणि ती अनेकदा खरी असते. हे हितसंबंध एकमताच्या नावाखाली झाकू नयेत. कोणत्या मुद्द्यावर कोण कुठे उभे आहे हे इतिवृत्तात तसेच लिहावे, आणि समुपदेशकाच्या कामात एक नवी गोष्ट घालताना जुनी एक काढून घ्यावी. काय काढायचे हे त्यांनाच विचारावे. बहुधा ते दोनदा भरावा लागणारा एखादा तक्ता दाखवतील.

संकेतस्थळावरून सगळे करता येईल असा आग्रहही इथे तपासून घ्यावा. ज्यांच्याकडे फोनचे रिचार्ज संपलेले असते, ज्यांची भाषा वेगळी आहे, ज्यांना पडद्यावरचे वाचता येत नाही, त्यांच्यासाठी खिडकीवरचा माणूस राहिलाच पाहिजे.

उत्तर द्या आणि जागा कायम ठेवा

प्रत्येक टप्प्यानंतर ठरलेल्या मुदतीत गटाला लेखी उत्तर द्यावे: हे केले, हे करत आहोत, हे करता आले नाही आणि त्याचे कारण हे. नकाराचे स्पष्ट कारण लोक स्वीकारतात. पण उत्तरच आले नाही, तर पुढच्या वेळी कोणी येत नाही. हेच उत्तर साध्या भाषेत केंद्राच्या दर्शनी भागातही लावावे, म्हणजे जे गटात नव्हते त्यांनाही कळेल.

डेन्मार्कमध्ये माइंडलॅब हा सरकारी नवोपक्रम गट 2002 पासून कार्यरत होता, त्याच्या पाठीशी असलेल्या मंत्रालयांत रोजगार मंत्रालयही होते, आणि 2018 मध्ये तो बंद झाला. इतका नावाजलेला गटही बंद होऊ शकतो, म्हणून सहरचना एखाद्या वेगळ्या विभागाच्या किंवा उत्साही अधिकाऱ्याच्या भरवशावर ठेवू नये. तिच्यासाठी रोजगार सेवेच्या नियमित अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष असावे, समुपदेशकांच्या कामाच्या तासांत तिचा वेळ धरलेला असावा, आणि प्रत्येक नव्या कराराच्या मसुद्यावर गटाची टिप्पणी जोडल्याशिवाय तो पुढे जाऊ नये, असा कार्यालयीन आदेश असावा. दरवर्षी गटातील एक तृतीयांश सदस्य बदलावेत, आणि जाणाऱ्यांनी येणाऱ्यांबरोबर एक बैठक एकत्र बसावे, म्हणजे भिंतीवरच्या नकाशावर कोणती चिठ्ठी कोणाची होती आणि तिचे पुढे काय झाले, हे नव्यांना त्यांच्याच तोंडून कळेल.